घडीच्या सायकलीची कुळकथा

सायकल हें वाहन घरून निघतांना जितकें सोयीचें, तितकेंच तें मुक्कामाला पोंचल्यावर अडचणीचें. घोड्याला तबेला असतो, मोटारीला गॅरेज असतें. सायकल मात्र कोणाच्या तरी भिंतीला टेकवून, कुलूप घालून, परत येईपर्यंत ती तेथेंच असेल अशा आशेवर सोडून द्यावी लागते. त्यांतून घरापासून स्टेशन दोन मैल, पुढें आगगाडीचा तासाभराचा प्रवास आणि उतरल्यावर कचेरी पुन्हां दीड मैल, असा ज्याचा नित्यक्रम आहे, त्याची कुचंबणा तर विचारूंच नये. सायकल घ्यावी तर ती पहिल्याच स्टेशनावर अडकून पडते. गाडींत चढवावी तर गार्ड आणि सहप्रवासी या दोघांच्याही कपाळाला आठ्या पडतात. न घ्यावी तर साडेतीन मैलांची पायपीट सकाळीं आणि तितकीच संध्याकाळीं.

सायकलीची घडी घालण्याची कल्पना या कुचंबणेंतूनच निघाली असली पाहिजे, असें कोणालाही वाटेल. इतिहास मात्र वेगळी हकीगत सांगतो. घडीची सायकल खरी नांवारूपाला आली ती शिपायाच्या पाठीवर. कचेरींत जाणाऱ्या माणसाच्या हातीं ती मनाजोगती पडायला त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षें जावीं लागलीं. हा विलंब कां झाला, हें ज्याला उमगलें, त्याला दुकानांत दहा नमुने समोर असतांना आपला नमुना निवडणें फारसें अवघड जाऊं नये.

पहिला प्रयत्न लंडनचा. १८७८ सालीं विल्यम ग्राउट नांवाच्या कारागिरानें सुटी होणारी सायकल तयार केली. त्या काळची सायकल म्हणजे पुढें छातीइतक्या उंचीचें अवाढव्य चाक आणि मागें त्याच्या नातवंडासारखें एक चिमुकलें चाक. ग्राउटनें त्या मोठ्या चाकाचे तुकडे सुटे होतील अशी योजना केली, आणि सुटी झालेली सायकल एका त्रिकोणी पेटींत भरून नेण्याची सोय केली. युक्ति चतुर खरी. पण तिला घडी म्हणतां यावयाचें नाहीं. घडी म्हणजे धोतराची किंवा पंचांगाची. एकदां उलगडली कीं वस्तु पुन्हां जशीच्या तशी, कोणताही तुकडा हातांत न उरतां. दहा वर्षांनीं, १८८८ मध्यें, अमेरिकेंत एमिट लॅटा याला जें पेटंट मिळालें, त्यांत बिजागरीनें दुमडणारी सायकल दिसते. ती थोड्या जागेंत ठेवतां यावी आणि नेण्या-आणण्यास सोपी व्हावी, हाच हेतु त्यानें नमूद केलेला आहे. म्हणजे नागरिकाची गरज कोणाच्या ध्यानांतच आली नव्हती असें नाहीं. परंतु त्या गरजेपाठीमागें पैसा उभा नव्हता. पैसा उभा राहिला तो सैन्यांत.

फ्रान्समध्यें ग्रेनोब्ल शहराजवळ डोमेन या गांवीं शार्ल मोरेल नांवाचा एक उद्योजक होता. त्यानें १८९२ सालीं दुमडणाऱ्या सायकलीचें पेटंट घेतलें. तिकडे आंरी जेरार नांवाचा पायदळांतला एक कॅप्टन याच विचारानें पछाडलेला होता. दोघे एकत्र आले आणि १८९५ च्या सुमारास सायकली तयार होऊं लागल्या. कारखाना मोरेलचा, पण लोकांच्या तोंडीं नांव राहिलें तें कॅप्टन जेरारचें. गणवेशाचा महिमा असा असतो. जेरारची कल्पना सरळ होती. रस्ता आहे तोंपर्यंत शिपायानें सायकलीवर बसून घोडेस्वाराच्या बरोबरीनें जावें. खंदक, कुंपण किंवा ओढा आडवा आला कीं सायकल दुमडून पाठीला बांधावी, दोन्ही हात बंदुकीसाठीं मोकळे ठेवावे आणि पलीकडे जाऊन पुन्हां स्वार व्हावें. ही सायकल पुढें प्यूजो कंपनीनेंही बनविली, आणि १९१४ च्या महायुद्धांत फ्रेंच घोडदळाच्या जोडीला सायकलस्वारांच्या तुकड्या होत्या. इटलींत बेर्साल्येरी या चपळ पायदळासाठीं बियांकी कंपनीनें अशीच घडीची सायकल केली. आल्प्सच्या चढणीवर ती पाठीवर घेतलेले आणि टोपींत पिसांचा तुरा खोवलेले शिपाई त्या काळच्या छायाचित्रांतून दिसतात.

या सर्व लष्करी सायकलींत एक गोष्ट समान होती. चाकें मोठीं होतीं, आणि घडी पाठीच्या रुंदीपुरती होती. शिपायाची पाठ रुंद, त्याला रेल्वेच्या बाकाखालीं सायकल सरकवावयाची नाहीं, आणि शेजारच्या प्रवाशाच्या पाटलोणीला वंगण लागेल याची फिकीर त्यानें करण्याचें कारण नाहीं. म्हणून घडी किती लहान आणि किती स्वच्छ, हा प्रश्न पन्नास वर्षें कोणी गंभीरपणें विचारलाच नाहीं.

या परंपरेचा कळस दुसऱ्या महायुद्धांत झाला. पॅराशूटनें उतरणाऱ्या सैनिकांसाठीं बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीनें एक घडीची सायकल तयार केली, आणि १९४२ ते १९४५ या काळांत अशा सुमारें ७०,००० सायकली बनविल्या. तिची फ्रेम म्हणजे एकमेकींना समांतर अशा वाकविलेल्या दोन नळ्या. बाजूनें पाहतां तो एक लांबट अंडाकृति आकार दिसे. मध्यभागीं वर एक आणि खालीं एक अशा दोन बिजागऱ्या, आणि त्या आवळण्यासाठीं बोटांनींच फिरवितां येतील असे पंखांचे नट. पेडलें नेहमींसारखीं बाहेर आलेलीं नव्हतीं. साध्या दांड्या होत्या आणि त्या आंत ढकलतां येत. सायकल पॅराशूटला टांगून सोडीत तेव्हां सीट आणि हँडल आधीं जमिनीला लागे, म्हणजे चाकें वांकण्याचा धोका टळे. ६ जून १९४४ रोजीं नॉर्मंडीच्या जूनो किनाऱ्यावर ९ व्या कॅनेडियन ब्रिगेडचे सैनिक उतरले, ते कित्येक जण ही सायकल हातानें उचलून पाण्यांतून चालत आले. हवेंतून उतरण्यासाठीं झालेली वस्तु शेवटीं समुद्रांतून आली. युद्धांत असें पुष्कळदां होतें.

युद्ध संपल्यावर उरलेल्या सायकली स्वस्त भावानें विकल्या गेल्या. आतां तरी नागरिकाची सोय व्हावयास हरकत नव्हती. पण ही सायकल घेऊन रोज आगगाडीनें जाणाऱ्याला तीन गोष्टी लौकरच कळत. चाकें २६ इंची असल्यामुळें घडी घातल्यावरही गठ्ठा पाऊण यार्डाच्या आसपास उंच राही. तो स्वतःच्या आधारानें उभा राहत नसे. धरून ठेवावा लागे. आणि साखळी बाहेरच्या बाजूस असली तर ती कोणाला तरी लागणारच. घडीच्या सायकलीचा एक नियम भूमितीनें घालून दिलेला आहे. गठ्ठा कितीही कौशल्यानें बांधला, तरी तो चाकापेक्षां लहान होऊं शकत नाहीं. फ्रेम दुमडते, हँडल दुमडतें, सीट नळींत खालीं जाते. चाक तेवढें दुमडत नाहीं. तेव्हां घडी लहान पाहिजे असेल तर आधीं चाक लहान केलें पाहिजे.

मग चाक लहान करण्यास लोक इतके भीत कां होते? भीति दोन प्रकारची होती. एक खोटी आणि एक खरी. खोटी भीति अशी कीं, लहान चाकाच्या सायकलीला पाय फार वेगानें मारावे लागतील. आपल्याकडच्या २८ इंची सायकलीच्या चाकाचा घेर सुमारें २.२ मीटर. पुढच्या चकतीला ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते धरले तर पेडलाच्या एका फेऱ्यांत सायकल सुमारें ५.४ मीटर पुढें जाते. आतां १६ इंची चाक घ्या. घेर १.३ मीटरांहून थोडा अधिक. पण पुढें ५४ आणि मागें १३ दाते बसविले तर पेडलाच्या एका फेऱ्यांत चाकाचे चारांहून अधिक फेरे होतात आणि अंतर येतें सुमारें ५.५ मीटर. म्हणजे पायाला फरक कळावयाचा नाहीं. खरी भीति निराळी. मोठें चाक ज्या खड्ड्यावरून तरंगत जातें, त्यांत लहान चाक उतरतें. हादरा हाताला आणि कंबरेला बसतो, आणि खराब रस्त्यावर लहान चाक ओढायलाही जड जातें.

पॅरिसमध्यें १९३० च्या दशकाच्या अखेरीस ‘ल पेती बी’ नांवाची एक लहान चाकांची सायकल निघाली होती. ती मागच्या कॅरियरवर उभी करून कोपऱ्यांत ठेवतां येई. कल्पना बिऱ्हाडांत राहणाऱ्या माणसाची होती, शिपायाची नव्हे. परंतु लगेच युद्ध आलें. लहान चाकाला खरी प्रतिष्ठा मिळवून दिली ती इंग्लंडांत अ‍ॅलेक्स मोल्टन या इंजिनिअरानें. मोल्टन हा रबराच्या स्प्रिंगांचा जाणकार. १९५९ मध्यें निघालेल्या ‘मिनी’ या चिमुकल्या मोटारीचे रबरी धक्काशोषक त्याचेच. १९५६ च्या सुएझ प्रकरणांत पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हां त्याचें लक्ष सायकलीकडे वळलें. त्यानें असा विचार केला कीं, लहान चाकाचा दोष हादरा हा असेल, तर हादऱ्याचा बंदोबस्त रबरानें करावा, आणि टायर अरुंद व कडक हवेचा ठेवावा, म्हणजे तो हलका फिरेल. रॅले कंपनीनें त्याची कल्पना नाकारली, तेव्हां त्यानें ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन या आपल्या गांवीं स्वतःच कारखाना काढला. १९६२ च्या नोव्हेंबरांत १६ इंची चाकांची मोल्टन सायकल लंडनच्या प्रदर्शनांत झळकली, आणि पुढच्याच महिन्यांत जॉन वुडबर्न या शर्यतपटूनें मोल्टनवर बसून कार्डिफ ते लंडन हा विक्रम मोडला. लहान चाक म्हणजे मुलांचें खेळणें, ही समजूत त्या दिवशीं निदान जाणत्या लोकांपुरती तरी निकालांत निघाली. रॅलेनें आधीं नकलेचा मार्ग पत्करला आणि १९६७ मध्यें मोल्टनचा सायकलीचा धंदाच विकत घेतला.

मोल्टनची सायकल मात्र घडीची नव्हती. तिचा एक प्रकार दोन तुकड्यांत सुटा होई, एवढेंच. तिच्या यशानें लहान चाकांची लाट आली, आणि त्या लाटेबरोबर १९६० आणि १९७० च्या दशकांत २० इंची चाकांच्या, मध्यें एक बिजागरी असलेल्या सायकली युरोपभर पसरल्या. रॅलेची ‘ट्वेंटी’, पूर्व जर्मनींतली ‘मिफा’, पोलंडची ‘विग्री’, सोव्हिएत रशियांतली ‘कामा’ हीं सगळीं एकाच घराण्यांतलीं भावंडें. दणकट, जड आणि निरुपद्रवी. त्यांची घडी मोटारीच्या मागच्या पेटींत टाकून सुटीच्या गांवीं नेण्यापुरती होती. जिना चढणाऱ्या माणसाचा विचार त्यांत नव्हता.

तो विचार हॅरी बिकर्टन या इंजिनिअरानें केला. मोटार चालविण्याचा परवाना गमावल्यामुळें त्याला सायकलीची आठवण झाली, असें सांगतात. १९७१ मध्यें बाजारांत आलेली त्याची सायकल अ‍ॅल्युमिनिअमची होती आणि तींत जोडकामासाठीं झाळ मुळींच नव्हती. वजन दहा किलोंच्या आसपास. घडी घालून ती पिशवींत भरावी आणि खांद्याला अडकवावी. वजनाचा प्रश्न त्यानें सोडविला, पण त्याचें मोल चालविणाऱ्याला द्यावें लागे. चढावर जोर केला कीं हँडल हातांत लवे, आणि नवख्याला वाटे कीं सायकल आपल्याशीं वाद घालीत आहे. शिवाय घडी पिशवीविना एकसंध राहत नसे.

येथून पुढची कथा एका माणसाच्या हट्टाची आहे, आणि घडीच्या सायकलीच्या सबंध इतिहासांत तीच सर्वांत वाचनीय. अँड्र्यू रिची हा केंब्रिजचा इंजिनिअरिंगचा पदवीधर. कांहीं दिवस संगणकाचें काम करून तें त्यानें सोडलें होतें, आणि लंडनमध्यें झाडें व कुंड्या पुरविण्याचा किरकोळ व्यवसाय तो करीत होता. १९७५ मध्यें वडिलांच्या ओळखीनें त्याची गांठ बिकर्टनच्या सायकलीसाठीं भांडवल जमविणाऱ्या गृहस्थांशीं पडली. रिचीनें ती सायकल न्याहाळली आणि याहून चांगली घडी साधतां येईल, असें त्याच्या मनानें घेतलें. दहा मित्रांनीं प्रत्येकीं शंभर पौंड दिले. साउथ केन्सिंग्टनमधल्या बिऱ्हाडाच्या झोपावयाच्या खोलींत त्यानें कानशी आणि नळ्या मांडल्या. खिडकींतून ब्रॉम्प्टन ओरेटरी हें चर्च दिसे. सायकलीला नांव पडलें ब्रॉम्प्टन.

त्यानें काय केलें, हें नीट पाहण्यासारखें आहे, कारण निवडीची सारी किल्ली तेथें आहे. आजवर सगळ्यांनीं सायकल मध्यें कापून बिजागरी बसविली होती. रिचीनें आरंभ मागच्या चाकापासून केला. मागचें चाक धरणारा त्रिकोण पेडलांच्या जवळ सांध्यावर फिरतो, आणि चाक पुढें घसरत फ्रेमच्या खालीं येऊन बसतें. एवढें झालें कीं सायकल आपोआप उभी राहते. कोणी धरावी लागत नाहीं. मग फ्रेम मध्यें दुमडून पुढचें चाक मागच्या चाकाच्या शेजारीं येतें, हँडल खालीं पडतें, आणि शेवटीं सीटची नळी खालीं ढकलली कीं सबंध गठ्ठ्याला कुलूप बसल्यासारखें होतें. मागचें चाक आतां बाहेर येऊं शकत नाहीं. सांखळी आणि तिचें वंगण दोन चाकांच्या मधोमध दडलेलें राहतें. बाहेरच्या माणसाच्या कपड्यांशीं त्याचा संबंध येत नाहीं. गठ्ठा सुमारें ५८ सेंटिमीटर लांब, ५६ उंच आणि २७ रुंद. हात बसल्यावर हें सगळें अर्ध्या मिनिटाच्या आंत होतें. टायरचें माप मोल्टनचेंच, ३४९ मिलिमीटर रिमचें. आणि मागच्या सांध्यावर, जेथें चाक उलगडल्यावर टेकतें तेथें, रबराचा एक ठोकळा. मोल्टनच्या रबराचा धडा येथें एका ठोकळ्यांत सामावला.

सायकल पोलादाची होती, म्हणून बिकर्टनपेक्षां जड होती. रिचीनें हें जाणूनबुजून पत्करलें. त्याचा हिशेब असा असला पाहिजे कीं, माणूस सायकलीवर बसतो तास-अर्धा तास आणि ती उचलून चालतो तीन-चार मिनिटें. तेव्हां बसण्यांत कणखरपणा आणि उचलण्यांत आटोपशीरपणा साधला, तर किलो-दोन किलो जास्त वजन क्षम्य आहे.

१९७९ मध्यें त्यानें पेटंटसाठीं अर्ज केला आणि कारखानदारांचे उंबरठे झिजविले. रॅलेनेंही नकार दिला. घडीची सायकल म्हणजे सुटीच्या दिवसाचें खेळणें, ही त्या धंद्यांतल्या लोकांची पक्की समजूत होती, आणि त्यांच्या स्वतःच्या मालानें ती दृढच केली होती. शेवटीं रिचीनें ओळखीच्यांकडून आगाऊ पैसे घेऊन स्वतःच सायकली बांधल्या. १९८१ पासून दीड-दोन वर्षांत चारपांचशें सायकली झाल्या आणि काम बंद पडलें. भांडवल नाहीं. त्यानंतर चार-पांच वर्षें त्याच्या हातीं एक पेटंट, थोडीं अवजारें आणि सायकल वापरणाऱ्यांचीं खुषीचीं पत्रें, एवढेंच होतें. त्या वापरणाऱ्यांपैकींच एक ज्युलियन व्हेरेकर. नेम ऑडिओ या ध्वनियंत्रांच्या कंपनीचा संस्थापक. त्यानें कर्जासाठीं पाठबळ दिलें, इतर कांहीं ग्राहकांनीं आणि मित्रांनीं पैसे घातले, आणि ब्रेंटफर्ड येथें रेल्वेच्या कमानीखालच्या गाळ्यांत कारखाना उभा राहिला. १९८७ मध्यें ऑलिंपियाच्या सायकल प्रदर्शनांत ब्रॉम्प्टनला उत्कृष्ट वस्तूचें पारितोषिक मिळालें. पहिल्या नमुन्यापासून येथवर बारा वर्षें झालीं होतीं. ज्या वस्तूला कारखानदारांनीं नाकारलें, तिला भांडवल शेवटीं तिच्यावर बसून कचेरींत जाणाऱ्या माणसानें दिलें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

पुढचें यश थोडक्यांत सांगतां येतें. १९९५ मध्यें निर्यातीसाठीं राणीचें पारितोषिक मिळालें, २०१६ मध्यें कारखाना ग्रीनफर्डला गेला, आणि २०२२ च्या अखेरीस दहा लाखावी सायकल बाहेर पडली. गर्दीच्या वेळीं लंडनकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांत सबंध सायकल नेण्यास मज्जाव असतो. घडी घातलेली सायकल मात्र सामान समजली जाते, आणि लंडनच्या भुयारी रेल्वेंतही ती केव्हांही नेतां येते. नियमाच्या या एका ओळीनें जितक्या सायकली खपविल्या असतील, तितक्या कोणत्याही जाहिरातीनें खपविल्या नसाव्या. २००६ पासून या सायकलींची एक जागतिक शर्यत भरूं लागली. पहिली बार्सिलोनाला झाली. शर्यतींत कोट आणि टाय घालून उतरावें लागे. थट्टा खरी, पण थट्टेंत ही सायकल कोणासाठीं आहे हें बिनचूक सांगितलेलें होतें.

इतर उत्तरेंही निघालीं, आणि तीं सगळीं वाईट नाहींत. अमेरिकेंत लेसरवर काम करणाऱ्या डेव्हिड हॉन या शास्त्रज्ञानें १९८२ मध्यें डाहॉन कंपनी काढली. तिच्या सायकली स्वस्त आणि नाना प्रकारच्या, बहुतेक २० इंची. मार्क सँडर्स या इंग्रज विद्यार्थ्यानें ‘स्ट्रायडा’ ही तीन नळ्यांची त्रिकोणी सायकल आंखली. ती १९८७ मध्यें बाजारांत आली. तिला साखळीऐवजीं पट्टा, म्हणून वंगणाचें नांव नको. पण घडी काठीसारखी लांब, आणि दौडायला ती नव्हे. ऑरेगनमधल्या ‘बाइक फ्रायडे’च्या सायकली १९९२ पासून पेटींत घालून विमानानें दूर नेण्यासाठीं, आणि जर्मनींतली १९९५ ची ‘बर्डी’ खडबडीत रस्त्यासाठीं, दोन्ही चाकांना धक्काशोषक असलेली. प्रत्येकानें कांहीं तरी सोडून कांहीं तरी घेतलें आहे.

म्हणून निवड करणाऱ्यानें पहिला प्रश्न सायकलीबद्दल विचारूं नये. आपल्या दिवसाबद्दल विचारावा. घडी किती वेळां घालावी लागणार? घरून स्टेशन, स्टेशनाहून कचेरी, आणि तसेंच परत, असा क्रम असेल तर दिवसांतून चार वेळां घडी पडते आणि चार वेळां उलगडते. वर्षाला कामाचे दिवस २५० धरले तर हजार घड्या होतात. अशा माणसाला १६ इंची चाक, आपोआप उभा राहणारा आणि न सुटणारा गठ्ठा यांवांचून गत्यंतर नाहीं. एका घडीला पाऊण मिनिट जास्त लागलें, तर वर्षाचे बारा तास फलाटावर वांकून उभें राहण्यांत जातात. उलट ज्याची कचेरी घरापासून पांच मैल आहे, वाटेंत गाडी नाहीं, आणि सायकल फक्त रात्रीं जिन्याखालीं ठेवायची आहे, त्यानें २० इंची चाकाची घ्यावी. तिची घडी ओबडधोबड असली तरी दिवसाला एकदांच घालावयाची आहे, आणि रस्ता मात्र दोन वेळां पांच मैल कापावयाचा आहे. खड्डे त्याच्या वाट्याला येणार, बिजागऱ्या नव्हेत.

वजनाचे आंकडे वाचून भुलूं नये. साधी पोलादी घडीची सायकल ११-१२ किलोंची असते, म्हणजे पाण्यानें भरलेली मोठी बादली. ती एका हातांत घेऊन दोन जिने चढून पाहावें, म्हणजे किलोमागें पैसे मोजावे कीं नाहीं हें दंडच सांगतो. आणि बादलीची कडी जशी बरोबर मध्यावर असते, तसा गठ्ठ्याचा तोल हातांत बसतो कीं एकीकडे ओढतो, हेंही तेव्हांच कळतें. जड पण तोलांत असलेली सायकल हलक्या पण लोंबकळणाऱ्या सायकलीपेक्षां जास्त दूर नेतां येते. गिअर मागच्या चाकाच्या तुंब्यांत बंद असले तर चांगलें. सिग्नलला थांबल्यावरही ते बदलतां येतात, आणि घडी घालतांना त्यांना धक्का लागत नाहीं. लहान चाकाला बाहेर लोंबणारा गिअर जमिनीच्या फार जवळ येतो, आणि पहिला मार त्यालाच बसतो. टायर लहान असल्यामुळें तितक्याच अंतरांत दीडपटीहून अधिक फिरतो आणि लौकर झिजतो. ते त्या मापाचे टायर आपल्या गांवांत मिळतात का, हें सायकल घेण्यापूर्वीं विचारावें, घेतल्यानंतर नव्हे. बिजागरी उघडून, बंद करून, पुढचा ब्रेक दाबून सायकल मागें-पुढें हलवावी. हाताला खटखट जाणवली तर ती नव्या सायकलीलाही क्षमा करूं नये. हजार घड्यांनंतर ती वाढतेच, कमी होत नाहीं.

रिचीचें पेटंट यथाकाल संपलें, आणि तशाच घडीच्या सायकली इतरत्र निघूं लागल्या. त्यांतली एक दक्षिण कोरियांतल्या कंपनीची होती. ती दिसायला ब्रॉम्प्टनसारखीच होती आणि त्याच तीन अवस्थांत दुमडत असे. रिची आणि त्याची कंपनी बेल्जममध्यें लिएझच्या न्यायालयांत गेली. त्यांचें म्हणणें, हा आकार एखाद्या चित्रासारखी किंवा शिल्पासारखी रचना आहे, आणि तिच्यावर कर्त्याचा हक्क पेटंट संपलें तरी उरतो. प्रतिपक्षाचें म्हणणें, सायकल अशी दुमडावयाची असेल तर तिचा आकार असाच होणार. त्यांत कर्त्याचें स्वतःचें काय? लिएझच्या न्यायालयानें प्रश्न युरोपीय न्यायालयाकडे धाडला. ११ जून २०२० रोजीं त्या न्यायालयानें सांगितलें कीं, कामाच्या गरजेनें आकार कांहीं अंशीं ठरत असला, तरी कर्त्यानें मोकळेपणानें निवड करून त्यांत आपली प्रतिभा ओतली असेल तर त्या आकाराला रचनेचा हक्क मिळूं शकतो. रिचीपुढें त्या वेळीं दुसरे मार्ग खरोखरच मोकळे होते कीं नव्हते, हें ठरविण्यासाठीं प्रकरण पुन्हां लिएझच्या न्यायालयाकडे गेलें.